मामा उठला नाही, त्याची कारणं

माझा मामा उठला नाही. घडलं ते एवढंच. त्याने कोणाला मारलं नाही, कोणाचं काही उचललं नाही, साधी शिवीसुद्धा दिली नाही. दुपारचं जेवण झालं होतं, तो ओटीवर बसून विड्याच्या पानाला चुना लावत होता, आणि ज्या वेळी गावातल्या प्रत्येकाने उठून धावायचं असतं त्या वेळी तो बसून राहिला. पुढे अध्यापन विद्यालयात मानसशास्त्र शिकवताना, माणूस अमुक एक गोष्ट का करतो याच्या निरनिराळ्या उपपत्ती मी फळ्यावर खूप लिहिल्या. पण त्या मी पहिल्यांदा जोखून पाहिल्या त्या मामाच्या ओटीवर.

मामाचं गाव धरमतरच्या खाडीला लागून होतं. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. गावाची सगळी शेती खारात, म्हणजे मातीचा बांध घालून खाडीपासून अडवलेल्या जमिनीत. बांधाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला खारं पाणी. उधाणाच्या भरतीला ते पाणी भाताच्या लोंब्यांहून उंच चढतं. खेकड्याने बीळ पाडलेलं असतं, त्यातून पाणी झिरपायला लागतं आणि बघता बघता बांध फुटतो. त्याला खांड जाणं म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या सालचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नीट पिकत नाही. म्हणून खांड गेलेली जो पहिल्यांदा पाहील त्याने हाक द्यायची, आणि ती हाक घरागणिक पुढे जायची.

या हाकेची एक रीत होती. ज्या घराने हाक ऐकली त्याने आधी ती पुढच्या घराला द्यायची आणि मग फावडं, टोपली, पेंढ्याची गुंडी, जे हाताला लागेल ते घेऊन बांधाकडे धावायचं. आधी हाक, मग पाय. जेवता माणूस उष्ट्या हाताने धावे. बाळंतीण आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा सोडला तर कोणाला सूट नव्हती.

मामाने हाक दिली. यावर गावात दुमत नव्हतं. बसल्या जागेवरून, खणखणीत आवाजात त्याने "खांड गेली होऽऽ" म्हणून पुढच्या घराला सांगितलं, आणि पुढचं घर त्याच्याच हाकेने उठलं. मामी मागल्या दाराने टोपली घेऊन पळाली. तिला वाटलं, नवरा पुढल्या दाराने गेला असेल. शेजारचा माणूस ओटीसमोरून धावत गेला तेव्हा मामा पानाची घडी करत होता. म्हणजे त्याला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, झोप लागली होती असंही म्हणता येत नव्हतं. लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते पान. नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याने पान खाल्लं.

भाद्रपदातलं उधाण होतं ते. छातीभर पाण्यात माणसं एकमेकांना खेटून उभी राहिली, बायकांनी चिखलाचे गोळे हातोहात पुढे दिले, आणि ओहोटी लागल्यावर कुठे खांड बुजली. कडेची काही शेतं खारी झाली. मामाचं शेत त्याच खारात होतं. ते वाचलं, ते इतरांच्या हातांनी.

अंगावरचा चिखल तसाच घेऊन माणसं मामाच्या अंगणात आली. मामा ओटीवरच होता. गावचा पाटील पुढे झाला आणि म्हणाला, "कशाला न्हाय उठलास?"

मामा विचार करायचा तेव्हा खरोखरच विचार करायचा, ते त्याच्या तोंडावर दिसायचं. त्याने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "मना ठावं न्हाय."

मला वाटतं, गावाने दुसरं कुठलंही उत्तर चालवून घेतलं असतं. पाय मुरगळला, पोटात कळ आली, तुमचा राग होता, मला भीती वाटली, यातलं काहीही. लोक चिडले असते, दंड म्हणून मामाने गावजेवण घातलं असतं आणि विषय मिटला असता. पण आपण काय केलं ते माहीत आहे आणि का केलं ते माहीत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाचं करायचं काय? तो पुढच्या उधाणाला उठेल की नाही हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. अशा माणसाच्या शेजारी बांधावर उभं कोण राहणार?

माणसाला वाळीत टाकायला तोवर कायद्याने बंदी आली होती, म्हणून मामाच्या गावात तो शब्द कोणी उच्चारत नसे. गावाने मामाची फक्त हाक तोडली. म्हणजे इथून पुढे अलीकडचं घर मामाचं घर वगळून पलीकडच्या घराला हाक देणार. कानावर पडायची ती पडणारच, पण ती त्याला दिलेली नसणार. आणि ज्या घराला हाक नाही त्या घरी गाव लग्नाला जात नाही आणि मयताला जात नाही. हे कोणी ठरवत नाही, ते आपोआप होतं.

मामाच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. मुलगा पालीकडचा, घर भाताचं, माणसं बरी. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि निरोप आला, की हाक परत आली तर आम्ही येऊ, नाही तर आमचं काही म्हणणं नाही. आमच्याकडे "काही म्हणणं नाही" याचा अर्थ लग्न मोडलं. शिवाय ते आले असते तरी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणायला धवलारीण आली नसती, आणि धवले म्हटल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. तेव्हा मामीने मला बोलावणं पाठवलं.

मी मामाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दोन्ही घराण्यांत मिळून व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, पुढे गेलेली पहिली मुलगी मीच. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात राहून आले होते आणि पेणला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ट्रेनिंगला आम्हांला मानसशास्त्र शिकवायला एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी आमच्यापुढे मनाचे निरनिराळे पंथ मांडले होते: एक पंथ म्हणतो, डोळ्यांना दिसतं तेवढं वर्तनच खरं आणि ते सवयीने घडतं, दुसरा म्हणतो, खरं कारण मनाच्या तळघरात दडलेलं असतं आणि ते माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं, तिसरा म्हणतो, तुकडे करू नका, सगळं मिळून एक बघा. मला ते सगळेच पंथ पटले होते. त्या वयात पटतात. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले ती मनात असा बेत करून, की योग्य पंथ लावायचा, कारण शोधायचं, पाटलापुढे ठेवायचं आणि मामेबहिणीचं लग्न वाचवायचं.

तिथे पोचले तर माझ्या आधीच तीन जणांनी कारणं शोधून ठेवलेली होती.

पाटलाचं कारण सरळ होतं. बांधाला जी उघाडी असते, पाणी सोडायची दारं, ती राखण्याचं काम त्या वर्षी मामाकडून काढून पाटलाच्या पुतण्याकडे दिलं होतं. मामाने त्याचा सूड घेतला, असं पाटलाचं म्हणणं. "मानूस उगाच काय करीत न्हाय, मास्तरीणबाय," तो मला म्हणाला. "बसला त बसन्यात कायतरी फायदा असनार." मी त्याला विचारलं, की मामाचं स्वतःचं शेत त्याच खारात असताना त्याला फायदा कसला. पाटील म्हणाला, "त्योच त मी शोधतंय." पाटलाचं कारण मान्य केलं तर उपाय सोपा होता: मामाने सगळ्यांसमोर सुडाची कबुली द्यायची आणि माफी मागायची. हाक परत आली असती. पण गाव बुडवायला निघालेल्या माणसाची मुलगी कोण करणार, हा प्रश्न तसाच राहिला असता.

पेणच्या वैद्यांना मामीने आपणहून आणलं होतं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या, आणि पायांत वात साठला आहे असं सांगितलं. मनाचा यात काही संबंध नाही, शरीराने हुकूम पाळला नाही, एवढंच. काढा दिला, आणि मी आल्यावर पुन्हा एकदा पाहून गेले. हे कारण मला आवडलं होतं, कारण त्यात कोणाचा दोष नव्हता. पण मामी माझ्याहून हुशार. तिच्या ध्यानात आलं, की पायांत वात भरलेल्या बापाची मुलगी म्हटल्यावर पालीकडचे लोक मुलीच्याही पायांकडे बघतील. तिने काढ्याची बाटली पेंढ्यात लपवली आणि वैद्य आले होते ते माझ्या खोकल्यासाठी, असं शेजारी सांगितलं. मला चार दिवस खोकावं लागलं.

तिसरं कारण गावच्या भगताचं. त्याने तांदळाचे दाणे मांडून बघितलं आणि सांगितलं, की गावदेवीने मामाला बांधून ठेवलं होतं. मागे कधीतरी तिचा मान द्यायचा राहिला होता, म्हणून. उपाय म्हणजे नारळ, कोंबडा, आणि मामाने देवीपुढे सगळ्या गावाच्या देखत आपल्या तोंडाने म्हणायचं, की आईने मला बांधलं होतं. मी तेव्हा नाक मुरडलं. मला भगताचा रागच आला, कारण त्याने अर्ध्या तासात जे केलं त्यासाठी मी पुण्याला जाऊन शिकून आले होते.

मी कामाला लागले. आधी सवयीचा पंथ घेतला. घंटा वाजवून कुत्र्याला खाऊ दिला की पुढे नुसत्या घंटेने त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा धडा मला पाठ होता. मग हाकेबरोबर एखादी वाईट गोष्ट जोडली गेली असेल तर नुसत्या हाकेने माणूस थिजणार नाही का? मामीला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मामा तरुण असताना अशाच एका खांडीत त्याचा मोठा भाऊ वाहून गेला होता. आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला आनंद झाला. दुःखाची बातमी ऐकून आनंद होणं हे आमच्या विषयात पुष्कळदा घडतं. आता उपाय म्हणजे हाक पुन्हापुन्हा द्यायची आणि तिच्यासोबत काहीतरी गोड गोष्ट जोडायची. मी गूळ-खोबरं घेतलं, मामाला ओटीवर बसवलं आणि मागच्या दारी जाऊन हाक द्यायला तोंड उघडलं, तोच मामी धावत आली आणि तिने माझ्या तोंडावर हात दाबला. "खोटी हाक देतंस? मेलीस काय?" ती म्हणाली. तिचं खरंच होतं. खोट्या हाकेला त्या गावात क्षमा नव्हती. बांधाकडे धावलेल्या माणसांनी परत येऊन माझं काय केलं असतं ते मी आजही मनात आणत नाही.

मग आम्ही चुलीपाशी बसून कुजबुजत हाक द्यायचं ठरवलं. मी मामाच्या कानाशी हळूच म्हणायचे, "खांड गेली होऽ", आणि मामा ताडकन उठून उभा राहायचा. मी त्याला गूळ-खोबरं द्यायचे. परत बसवायचे, परत हाक, परत तो उभा. एकदाही बसून राहिला नाही. शेवटी मी वैतागून विचारलं, "मामा, तू का उठतोस?"

"तू म्हनतंस म्हनून," मामा म्हणाला. "तू सुटी काढून आयलीस."

गूळ संपला तेव्हा मी पंथ बदलला.

दुसऱ्या पंथात स्वप्नांना मोल असतं. मी विचारलं, तर मामाने मनापासून आठवून सांगितलं: तो पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जातो, बाहेर येतो तर वहाणा नसतात, आणि मग तो अनवाणी सगळ्या बाजारभर फिरतो. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला. वहाणा म्हणजे भावाची जागा, अनवाणी म्हणजे अपराध, बाजार म्हणजे गाव. सगळं इतकं चपखल बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मामाला सांगितलं तेव्हा तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "पन वहाना खऱ्याच गेल्या व्हत्या. तुजे मामीला इचार." मामीने मान हलवली. पालीहून मामा खरोखरच अनवाणी आला होता.

तरी मी मागे हटले नाही. मामीला बाजूला घेऊन सांगितलं, की मामाच्या मनाच्या तळाशी भावाला न वाचवल्याची टोचणी असेल. भावाचं शेत मामाकडे आलं, त्याचीही असेल. म्हणून त्या दिवशी त्याच्या आतल्या मनाने ठरवलं असेल, की बांध जाऊ दे. मामी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही, पण तिचा चेहरा बदलला. "ह्या घरान परत असा बोलू नको," ती म्हणाली. "खरा असला तरी बोलू नको." ती माझ्यावर कधी रागावली असेल तर ती त्याच वेळी. आणि मला तेव्हा कळलं, की हे कारण खरं असो वा खोटं, ते घेऊन पाटलापुढे जाता येणार नाही. आपल्या मामाच्या तळघरात काय आहे ते सांगून कोणी बहिणीचं लग्न जुळवत नाही.

मग उरला तिसरा पंथ, सगळं मिळून एक बघणारा. त्याने मला निदान एक चांगला प्रश्न दिला. मामा का उठला नाही, हे सगळे विचारत होते. बाकीचे का उठले, हे कोणीच विचारत नव्हतं. अख्खं गाव एका आवाजासरशी उठतं, पाण्यात उतरतं, त्यात माणसं वाहून जातात, तरी पुढच्या खेपेला पुन्हा उठतं. उठताना यातलं कोण विचार करतं? त्यांनाही विचारलं असतं तर त्यांनीही "ठावं न्हाय" हेच म्हटलं असतं, फक्त त्यांना कोणी विचारायला जात नव्हतं. मी हे पाटलाला बोलून दाखवलं. पाटील मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "ह्या इचारायचा नसतो, मास्तरीणबाय. ह्या इचारला त बांध ऱ्हानार न्हाय." मला तेव्हा तो माणूस आवडत नव्हता, पण एवढं त्याचं वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवलं आहे.

या सगळ्या दिवसांत मामाचं वागणं मी पाहत होते, आणि तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. जो कोणी कारण घेऊन येई त्याचं तो जिवाचे कान करून ऐकायचा. पाटलाचं ऐकलं, वैद्यांचं ऐकलं, भगताचं, माझं, सगळ्यांचं. प्रत्येकाला विचारायचा, "व्हय? तसा हाय काय?" आणि मग एकटा मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा, एखादा सदरा घालून बघावा तसा. थोड्या वेळाने परत येई तेव्हा त्याचा चेहरा पडलेला असे. पाटील त्या चेहऱ्याला कावा म्हणे आणि वैद्य अशक्तपणा. मी प्रतिकार म्हणायचे, तसा शब्द आमच्या पुस्तकात होता.

सुट्टी संपत आली. सगळी कारणं मी एकापुढे एक मांडून पाहिली आणि मला भगताला शरण जावं लागलं. शास्त्राच्या कसोटीवर त्याचं कारण सगळ्यांत लंगडं होतं. पण त्यात मामा कावेबाज ठरत नव्हता, आजारी ठरत नव्हता, भावाचा अपराधी ठरत नव्हता. दोष देवीचाही नव्हता, तिचा मान द्यायचा राहिला होता. आणि उपाय असा होता, की ज्यात सगळ्या गावाला येऊन उभं राहता येत होतं. बाकी प्रत्येक कारणाने मामा गावापासून आणखी थोडा लांब जात होता. या एकाच कारणाने तो परत आत येत होता. पाटलानेही ते ऐकून सुटकेचा निःश्वास सोडला.

अडचण होती ती मामाची. जे आपल्याला दिसलं नाही ते आहे म्हणायचं नाही, अशी त्याची खोड होती. मामीने बाजारातून आणलेली मासळी ताजी आहे का म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचा, मी धरताना नव्हतो. असा माणूस देवीपुढे उभा राहून तिच्याबद्दल कसं बोलणार? मामी रडली, मी वाद घातला, भगत स्वतः येऊन समजूत घालून गेला. मामाचं एकच: "तिनं बांधला असता त मना कललं नसता काय?"

ज्या मुलीचं लग्न होतं ती या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. त्या संध्याकाळी तिने बापाला वाढलं, समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमास जा ठावं हाय ताच बोला. लगीन ऱ्हायला त ऱ्हायला." तिचा आवाज अगदी साधा होता. मला वाटलं, आता संपलंच.

मामा जेवला, हात धुतला आणि मामीला म्हणाला, "कोंबरा कवा आनायचा?"

मंगळवारी गावदेवीपुढे गाव जमलं. मी बायकांत उभी होते. नारळ झाला, कोंबडा झाला. भगताने शब्द सांगितले आणि मामाने ते जसेच्या तसे म्हटले: "आयनं बांधला व्हता मना." आवाज खणखणीत होता, हाकेसारखा. लोकांनी देवीचा गजर केला, पाटलाने मामाच्या पाठीवर हात ठेवला. मामाची नजर खाली होती. भगत म्हणाला, लाजला. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला अतिशय वाईट वाटत होतं.

माघात लग्न झालं. धवलारणीने धवले म्हटले, सगळं गाव जेवलं, पालीकडच्या लोकांनी व्यवस्थेचं कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लहानशी खांड गेली तेव्हा हाक मामाच्या घराला आली, आणि मामी सांगते, की मामाने ती पुढे दिली आणि सगळ्यांच्या आधी बांधावर पोचला. भगत म्हणाला, कोंबडा पावला. पाटील म्हणाला, धाक बसला. वैद्य म्हणाले, काढा उशिरा का होईना लागू पडतो. मी पेणला बसून म्हटलं, गूळ-खोबरं. मामाला कोणी विचारलं नाही, कारण आता त्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं. तो प्रत्येक उधाणाला धावत राहिला. पान मात्र त्याने सोडलं होतं. तेही कोणी विचारलं नाही.

पुढे मी आणखी शिकले आणि अध्यापन विद्यालयात मानसशास्त्र शिकवू लागले. नवं राज्य आलं, गावातली मुलं मुंबईला कारखान्यांत जाऊ लागली, बांधावर माणसं कमी पडू लागली. मी दर वर्षी वर्गात, नाव-गाव न सांगता, हाक देऊन बसून राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगे आणि प्रत्येक पंथाने ती उलगडून दाखवायला लावी. मुली हिरिरीने भांडत. दर वर्षी शेवटी कोणीतरी विचारी, "पण बाई, यातलं खरं कारण कुठलं?" मी म्हणे, आधी बघा, त्या कारणाने त्या माणसाचं पुढे काय होतं. हे उत्तर मुलींना आवडे. मलाही ते बरं वाटे.

मामा थकला तेव्हा मी त्याला भेटायला गेले. साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. तो त्याच ओटीवर, त्याच खांबाला टेकून बसला होता. मामी पाण्याला गेली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "पोरी, तू ह्याच शिकवतंस ना? मानूस काय करतो, कशाला करतो?"

मी म्हटलं, "हो."

"मंग तवा मी कशाला न्हाय उठलो?"

माझ्या तोंडाशी सगळं होतं. सवय, तळघर, समष्टी, अलीकडे वाचलेलं आणखीही काही, दर वर्षी वर्गात सांगून घोटून गुळगुळीत झालेलं. तो तसाच बघत होता, जिवाचे कान करून, जसा तेव्हा प्रत्येकाकडे बघायचा. आणि मला त्याचं ते मागच्या अंगणात जाऊन उभं राहणं आठवलं. तो कावा नव्हता आणि प्रतिकारही नव्हता. त्याला खरोखर हवं होतं ते. आम्ही सगळे गावासाठी कारण शोधत होतो, लग्नासाठी शोधत होतो. स्वतःसाठी शोधणारा तो एकटा होता, आणि देवीपुढे ते शब्द म्हटल्यावर त्याला कोणाला विचारायचीही सोय राहिली नव्हती.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, मामा."

"तुना पन न्हाय?"

"नाही. कोणालाच माहीत नव्हतं. पाटलाला नाही, वैद्याला नाही, भगतालाही नाही."

तो हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बरा झाला," तो म्हणाला. "मना वाटायचा सगल्यांना ठावं हाय, यक मनाच न्हाय."

मग त्याने पान मागितलं. मामीचा डबा फडताळात होता. मी एक पान पुसलं, त्याला चुना लावला आणि घडी करून त्याच्या हातात दिलं.